घडव्यांच्या भट्टीतून कलिंगचा अशोक

दिल्लीच्या आयटीसी मौर्य हॉटेलात सम्राट अशोकाचं एक ब्रॉन्झशिल्प आहे. उंची अकरा फुटांहून अधिक, नाव ‘अशोक ॲट कलिंग’, वर्ष १९७२, शिल्पकार मीरा मुखर्जी. युद्ध जिंकलेल्या राजाच्या पुतळ्यात आपण जो आवेश शोधतो तो इथे नाही. जिंकलेल्या रणभूमीवर उभं राहून आपण काय करून बसलो, हे कळलेला माणूस इथे आहे. पण पाहणाऱ्याची नजर चेहऱ्यावर फार वेळ टिकत नाही, ती धातूच्या पृष्ठभागावर उतरते. अकादमीत शिकलेले शिल्पकार बहुधा धातू घासून गुळगुळीत करतात. इथे सगळीकडे रेघा आहेत, कंगोरे आहेत, दोरा गुंडाळल्यासारख्या उंचवट्यांच्या ओळी आहेत. त्या ओळींमुळे एवढं अवजड शिल्पही आतून हलत असल्यासारखं वाटतं.

मुखर्जी शिकल्या त्या म्युनिकच्या कला अकादमीत या ओळी शिकवल्या जात नव्हत्या, कलकत्त्याच्या कला महाविद्यालयातही नव्हत्या. त्या बस्तरच्या घडव्यांकडून, तिथल्या पितळ ओतणाऱ्या कारागिरांकडून आल्या. त्यांच्या बहुतेक मूर्ती हातभर उंचीच्याही नसतात.

म्हणून मीरा मुखर्जींबद्दल बोलायचं तर आधी घडव्यांच्या अंगणात जायला हवं.

बस्तर म्हणजे आपल्या गडचिरोलीला लागून असलेला, इंद्रावतीच्या खोऱ्याचा मुलूख. तिथली हलबी बोली ऐकताना मराठी कानाला ओळखीचे प्रत्यय भेटत राहतात. रायपूरहून जगदलपूरला जाताना वाटेत कोंडागाव लागतं. या गावात आणि आसपास पितळेच्या मूर्ती ओतणाऱ्या घडव्यांची घरं आहेत. बंगाल, ओडिशा आणि झारखंडात अशाच ओतकामाला ढोकरा म्हणतात. बाजारात आता बस्तरच्या कामालाही तेच नाव चिकटलं आहे.

कामाची सुरुवात मातीपासून होते. चिकणमातीत भाताचा तूस मिसळून मूर्तीचा गाभा घडवतात. तूस घालण्यामागे मोठं शहाणपण आहे. भाजताना तो जळून जातो आणि मातीत बारीक छिद्रं राहतात. पुढे धातू ओतताना अडकलेली हवा त्यांतून निघून जाते. ती निघाली नाही, तर मूर्तीला भोकं पडतात किंवा साचाच फुटतो. गाभा वाळला की त्यावर बारीक मातीचा हात देतात आणि शेंगवेलीच्या ओल्या पाल्याने घासून तो गुळगुळीत करतात.

मग मेणाचं काम. पोळ्याचं मेण उकळून, फडक्यातून गाळून घेतात. शेव पाडायच्या सोऱ्यासारखं एक साधन असतं. त्यात मेण दाबलं की लांबच लांब दोरा बाहेर येतो. हा दोरा गाभ्याभोवती शेजारी शेजारी, मध्ये फट न सोडता गुंडाळत जायचा. त्याची जाडी तीच पुढे धातूची जाडी. दोऱ्याचा वेढा घातला की डोळा होतो, दोन दोरे पिळले की पैंजण, छोट्या गोळ्या ओळीने चिकटवल्या की गळ्यातली माळ. कोरून काढणं इथे जवळपास नाहीच, सगळं वरून चढवत न्यायचं. बस्तरच्या मूर्तींना अशी दागिन्यांनी मढलेली, नक्षीने गच्च भरलेली अंगं मिळतात ती यामुळेच.

त्यावर बाहेरचा साचा चढतो. पहिला थर अगदी बारीक, कारण मेणावरची प्रत्येक रेघ त्यालाच उचलायची असते. या थरासाठी गाळलेल्या मातीत शेण किंवा कोळशाची पूड घालतात. त्यावर वारुळाची माती आणि तूस यांचे जाड थर येतात. धातूला आत शिरायला एक वाट ठेवलेली असते. साचा भट्टीत गेला की मेण वितळतं. काही वाहून जातं, काही मातीत जिरून जळून जातं. त्याच्या जागी राहते ती पोकळी, मेणाइतकीच पातळ आणि मेणाच्याच आकाराची. त्या पोकळीत वितळलेलं पितळ उतरतं. हे पितळ बहुधा मोडीत निघालेल्या भांड्यांचं असतं.

पूर्वेकडच्या काही ढोकरा कारागिरांची रीत आणखी हुशारीची आहे. पितळेचे तुकडे भरलेली मातीची वाटी ते साच्याच्या तोंडालाच लिंपून बंद करतात आणि सगळं मिळून भट्टीत ठेवतात. धातू वितळला की साचा उलटा करायचा. धातू आपसूक आत उतरतो. आत काय चाललंय ते डोळ्यांना दिसत नाही. ज्वाळेला हिरवट छटा आली, की आता उलटा करायचा, हे अनुभवी कारागीर ओळखतो. तापमापक नाही, घड्याळ नाही.

साचा निवला की फोडायचा. एका साच्यातून एकच मूर्ती निघते, दुसरी हवी असेल तर गाभ्यापासून पुन्हा सुरुवात. धातू मूर्तीच्या एखाद्या हातापर्यंत पोचलाच नाही, तर कित्येक दिवसांचं काम गेलं. ही जोखीम घडवा दर भट्टीला घेतो.

ही पद्धत किती जुनी? मोहेंजोदडोची साडेदहा सेंटिमीटरची नर्तकी अशीच मेणाच्या आधाराने ओतलेली आहे. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रवरेकाठी दायमाबादला १९७४ साली सापडलेले रथ, हत्ती, गेंडा आणि रेडाही त्याच वंशातले. बाराव्या शतकातल्या, कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या नावावर असलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात तर किती मेणाला किती धातू घ्यायचा याचं प्रमाणही दिलेलं आहे. पितळ-तांबं मेणाच्या आठ-दहापट वजनाचं घ्यायचं, असा त्याचा हिशेब. आजच्या घनतेच्या आकड्यांनी ताडून पाहिलं तरी तो बरोबर येतो. राजाच्या पोथीत लिहिलेली ही विद्या बस्तरमध्ये पोथीशिवाय टिकली, बापाच्या हातून मुलाच्या हातात जात.

घडव्याच्या हातून निघणारी मूर्ती दिवाणखान्यासाठी नव्हती. दंतेश्वरी, माउली, घोड्यावर बसलेला राव हे देव तो गावच्या गुडीसाठी म्हणजे देवळासाठी, नवस फेडणाऱ्यासाठी, घरच्या देवठाण्यासाठी घडवायचा. दिवे, घुंगरं, मापं, पैंजण हीसुद्धा त्याचीच कामं. आपल्याकडे कुळाचे टाक करून देणाऱ्या कारागिराचं घराशी जे नातं असतं, त्याच जातीचं हे नातं. झिटकू-मिटकी या जोडीच्या मूर्तीला बस्तरमध्ये आजही मोठी मागणी असते. तळ्याचा बांध टिकावा म्हणून मिटकीच्या भावांनी तिच्या नवऱ्याचा, झिटकूचा बळी दिला आणि तिने त्याच तळ्यात जीव दिला, अशी ती कथा. लोकांनी त्या दोघांना देव केलं. अन्यायाने मेलेल्या माणसांना गावाने देवपण द्यायचं आणि घडव्याने त्यांना पितळेत अंग द्यायचं, असं हे काम आहे. देवता आणि हस्तकला अशी दोन खाती तिथे वेगळी ठेवलेलीच नाहीत.

मीरा मुखर्जी या जगात पोचल्या त्या बऱ्याच लांबच्या वाटेने. जन्म कलकत्त्याचा, १९२३चा. चौदाव्या वर्षी इंडियन सोसायटी ऑफ ओरिएंटल आर्टमध्ये, म्हणजे अवनींद्रनाथ ठाकुरांच्या परंपरेत शिक्षण सुरू झालं. १९४१मध्ये लग्न झालं, ते टिकलं नाही. पुढे कलकत्त्याचं सरकारी कला महाविद्यालय, मग दिल्ली पॉलिटेक्निक. १९५३ साली शिष्यवृत्तीवर त्या म्युनिकला गेल्या, त्या चित्रकार म्हणून. तिथे टोनी श्टाडलर आणि हाइनरिख किर्शनर या शिल्पकारांच्या हाताखाली त्या शिल्पाकडे वळल्या. युरोपातल्या त्या तीन वर्षांत त्यांना तंत्र मिळालं, शिस्त मिळाली. सोबत एक अस्वस्थताही आली: तिथल्या शिल्पकाराच्या पाठीशी जशी अखंड परंपरा आहे तशी माझ्या पाठीशी कोणती? श्टाडलर यांनीही त्यांना आपल्या देशाकडे बघायला सांगितलं होतं.

परत आल्यावर काही काळ त्यांनी शाळेत कला शिकवली. मग १९६१ ते १९६४ या काळात भारतीय मानववंशशास्त्र सर्वेक्षण विभागाची शिष्यवृत्ती घेऊन त्या देशभरच्या धातुकारागिरांकडे फिरल्या. बस्तरचं काम त्यांच्या मनात सर्वांत खोल रुजलं. विचार करा, साठच्या दशकाची सुरुवात. चाळिशीला टेकलेली, एकटी, शहरी, परदेशात शिकलेली बंगाली बाई जंगलातल्या वस्तीत घडव्यांच्या शेजारी जमिनीवर बसून मेणाचा दोरा वळते आहे. वही घेऊन लांबून प्रश्न विचारून तिला परतता आलं असतं, तिच्या शिष्यवृत्तीला तेवढंही पुरलं असतं. पण ती शिकायला बसली होती. या भटकंतीतून १९७८ साली ‘मेटलक्राफ्ट्समेन ऑफ इंडिया’ हा ग्रंथ आला. कोणता समाज कुठे राहतो, कोणती माती वापरतो, भट्टी कशी लावतो, कोणत्या देवाला मानतो याची त्यात बारकाईने नोंद आहे.

लोककलेकडून काहीतरी घेणारे कलावंत आपल्याकडे कमी नाहीत, आणि त्यातले सगळेच वरवरचे नाहीत. जामिनी रॉय यांनी युरोपीय पद्धतीचं तैलचित्रण बाजूला ठेवून बंगालच्या पटांची रेषा उचलली, रंगही घरी तयार केले. पण अलीकडे जे चालतं ते वेगळं आहे. वारलीची त्रिकोणी माणसं उशीच्या अभ्र्यावर छापायची, मधुबनीचा मासा चहाच्या कपावर, आणि खाली लिहायचं ‘लोककलेतून’. वारली लग्नाच्या चौकातली पालघट देवी ज्या सुवासिनींनी गाणी म्हणत भिंतीवर उतरवली, त्यांच्या त्या विधीचा मागमूसही अभ्र्यावर नसतो. आकार उचलणं फार सोपं असतं.

मुखर्जींनी आकार जवळजवळ घेतलाच नाही. त्यांच्या शिल्पात बस्तरचा हत्ती नाही, झिटकू-मिटकी नाहीत. त्यांनी घेतली ती काम करायची रीत. युरोपच्या रूढ पद्धतीत शिल्पकार मातीत किंवा प्लास्टरमध्ये प्रतिकृती करतो आणि पुढचं काम ओतकामाचा कारखाना करतो. कल्पना एकाची, घाम दुसऱ्याचा. घडव्याकडे गाभा करणारा, दोरा गुंडाळणारा, भट्टी लावणारा आणि साचा फोडणारा एकच किंवा एकाच घरातला असतो. मुखर्जींनी ही पूर्ण साखळी स्वतःवर घेतली. मेणात थेट काम करायचं, पट्ट्या आणि दोरे पृष्ठभागावर चढवत न्यायचे, मातीचे थर स्वतः द्यायचे. घडव्याच्या मूर्तीत दोरा दिसतो कारण तो लपवायची गरजच कुणाला वाटली नाही. मुखर्जींनी तो मुद्दाम दिसू दिला आणि त्यालाच शिल्पाची भाषा केलं.

अडचण होती ती आकारमानाची. हातभर मूर्तीला धातू सगळीकडे पोचेपर्यंत पातळ राहतो. अकरा फुटांच्या शिल्पात तो वाटेतच गोठतो. साच्याचं वजन भट्टीला पेलत नाही आणि आतला गाभा हलला तर भिंत कुठे जाड, कुठे पातळ पडते. म्हणून मोठं शिल्प तुकड्यातुकड्यांनी ओतायचं, मग जोडायचं, आणि जोडांवरून रेघांचा ओघ तुटू द्यायचा नाही, असा मार्ग त्यांनी काढला. बस्तरच्या परंपरेत एवढ्या मोठ्या कामाचं उदाहरण समोर नव्हतं. इथे त्यांनी परंपरेत स्वतःची भर घातली, असं मी म्हणेन. १९६८ साली त्यांना राष्ट्रपतींचा पुरस्कार मिळाला तो ‘मास्टर क्राफ्ट्समन’ म्हणून. अकादमीत शिकलेल्या शिल्पकाराला कारागिरांच्या पंक्तीचा मान मिळावा, हे आपल्याकडे क्वचित घडतं. १९९२च्या पद्मश्रीपेक्षा मला तो जास्त मोलाचा वाटतो.

कलिंगचा अशोक घडला तो १९७२ साली. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचं कलकत्ता आठवून पाहा: नक्षलवादी चळवळीतल्या हत्या, पोलिसी दडपशाही, पूर्व पाकिस्तानातून लोटणारे निर्वासित, मग १९७१चं युद्ध. अशा शहरात एक शिल्पकार युद्धाचा पश्चात्ताप झालेला राजा घडवायला घेते, तेव्हा ती फक्त इतिहासातला प्रसंग दाखवत नसते. तो अशोक मी याच पार्श्वभूमीवर पाहतो.

कारागिरांच्या देवाचा, विश्वकर्म्याचा विचार मुखर्जींना आयुष्यभर पुरला. त्यांच्या एका पुस्तकाचं नावच ‘इन सर्च ऑफ विश्वकर्मा’ आहे. देशभरच्या कारागिरांकडे फिरताना त्यांना एक गोष्ट दिसली. घडवणं हे या माणसांचं पोट भरायचं साधन आहे आणि उपासनाही आहे, आणि या दोन गोष्टींत त्यांना विरोध वाटत नाही. सावता माळी आणि गोरा कुंभार यांच्या महाराष्ट्राला हे समजावून सांगायची गरज नाही. मळ्यात आणि चाकावर पांडुरंग भेटतो ही आपली जुनी श्रद्धा आहे.

ही श्रद्धा मुखर्जींच्या विषयांत उतरली. त्यांनी बाऊल गायक घडवले, देहभान विसरून नाचणारी माणसं घडवली. तितक्याच आदराने कोळी, नावाडी, विणकर, ओझी ओढणारे मजूर घडवले. एका शिल्पमालेचं नाव ‘स्पिरिट ऑफ डेली वर्क’ असं आहे. वाकलेल्या पाठी, एका लयीत ओढणारे हात, एकमेकांत मिसळलेली अंगं; नावेतले वल्हवणारे वेगळे काढता येत नाहीत, सगळ्यांची मिळून एकच हालचाल होते. त्या हिंदुस्थानी गायन शिकल्या होत्या, हे इथे आठवावं. रेघांचे वेढे शिल्पावरून असे फिरतात की एखाद्या आलापाची वळणं पाहतो आहोत असं वाटतं. घडव्याने दंतेश्वरीच्या दागिन्यांवर जेवढा मेणाचा दोरा खर्च केला, तेवढाच मुखर्जींनी मजुराच्या पाठीवर केला. त्यांच्या कामातलं अध्यात्म मला इथे सापडतं. कमळ, त्रिशूळ, चक्र अशी ओळखीची चिन्हं त्यांना फारशी लागली नाहीत.

कलकत्त्याबाहेर, नरेंद्रपूरजवळच्या एलाची गावात त्या काम करायच्या. तिथली मुलं त्यांच्याकडे यायची, चित्रं काढायची. त्या चित्रांवरून गावातल्या बायका कांथ्याचं भरतकाम करायच्या. जुन्या कापडाचे थर, त्यावर रंगीत धावदोरा. पितळेवरचा मेणाचा दोरा आणि कापडावरचा सुताचा दोरा, दोन्ही कामं एकाच बाईच्या आसपास चालली होती. मुलांसाठी त्यांनी गोष्टीही लिहिल्या. शेवटच्या काळात त्या बुद्धाच्या एका विशाल मूर्तीवर काम करत होत्या. १९९८ साली त्या गेल्या.

एक अवघड प्रश्न टाळून चालणार नाही. शहरातली शिकलेली कलावंत आदिवासी मुलखातलं तंत्र शिकते, तिची शिल्पं दालनांत आणि लिलावांत जातात. ज्यांनी शिकवलं ते कोंडागावच्या बाजारात किलोच्या भावाने मूर्ती विकतात. हा प्रश्न खरा आहे आणि मुखर्जींच्या सचोटीने तो मिटत नाही. त्यांच्या बाजूने एवढं नक्की म्हणता येतं की शिकलं कुणाकडून हे त्यांनी कधी लपवलं नाही. कारागिरांच्या ज्ञानाची तपशिलवार नोंद केली, आणि ओतकाम करणाऱ्या माणसांना बरोबरीने घेऊन काम केलं. किमतीतली दरी मात्र त्यांच्या एकटीच्या हातात नव्हती. ती आपल्या सगळ्यांच्या नजरेतून येते: दालनातलं शिल्प आपण नावाने ओळखतो, बाजारातल्या मूर्तीला नाव नसतं.

ही नजर थोडी बदलली तीही घडव्यांच्या स्वतःच्या हिमतीने. कोंडागावचे जयदेव बघेल यांनी वडिलांकडून ही विद्या घेतली, राष्ट्रीय पुरस्कार मिळवला, परदेशांत काम दाखवलं आणि मूर्तीमागे करणाऱ्याचं नाव उभं केलं. २०१४ साली ते गेले. बस्तरच्या ढोकऱ्याला आता भौगोलिक मानांकनही आहे. पण पितळ महाग झालं, जळण महाग झालं, पोळ्याच्या मेणात इतर मेण मिसळावं लागतं. आणि त्यातच रबरी साच्यातून काढलेल्या एकसारख्या नकला त्याच नावाने विकल्या जातात.

म्हणून तुम्ही ही मूर्ती विकत घेणार असाल, तर एवढं करा. हातात घेऊन नीट बघा. खऱ्या कामात दोऱ्याच्या ओळी एकसारख्या नसतात, कुठे जोड दिसतो, कुठे वेढा थोडा सुटलेला असतो, आणि खालून पाहिलं तर बऱ्याचदा आतली भाजलेली माती दिसते. शेजारी ठेवलेल्या दोन मूर्ती अगदी तंतोतंत जुळत असतील, तर त्या रबरी साच्याच्या आहेत. विदर्भातून बस्तर लांब नाही. जमलं तर कोंडागावला जाऊन घडव्याच्या घरीच घ्या. भाव पाडून मागू नका, कारण त्या किमतीत वाया गेलेल्या भट्ट्याही धरलेल्या असतात. आणि ज्याने घडवली त्याचं नाव विचारून घ्या, मूर्ती घरात ठेवाल तिथे ते लिहून ठेवा.